नाव-पत्ता सीमेपार : नियम कोणाचे, ओझे कोणावर?

भिवंडीत चार संगणक मांडून काम करणाऱ्या एका तरुणाने गेल्या महिन्यात आमच्यापुढे सोळा पानांचे एक इंग्रजी बाड आणून ठेवले. जर्मनीतील एक कपड्याचा दुकानदार या तरुणाकडून आपल्या ग्राहकांच्या बिलांची नोंद आणि परत आलेल्या मालाचा हिशोब करून घेतो. तीन वर्षे काम सुरळीत चालले होते. आता त्या दुकानदाराच्या वकिलाने प्रश्नावली पाठविली आहे. तुमच्या देशातील सरकारला कोणत्या कायद्याने तुमच्याकडची माहिती मागता येते? अशी मागणी आजवर कितीदा आली? उद्या आली तर तुम्ही आम्हाला कळवाल का, आणि तिला आव्हान द्याल का? तरुणाचे म्हणणे एवढेच होते, "चाचा, मी बिले नोंदवतो. सरकारच्या कायद्यांची उत्तरे मी कुठून आणू?"

प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या भिवंडीचा नाही. मालेगावचा कापड व्यापारी, मुंबईचा उमराहचा टूर ऑपरेटर, आखातात कामगार पाठविणारा एजंट, जुन्या औरंगाबादचा म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू विणकर, यांपैकी कोणाचाही फोन उघडून पाहा. परदेशी गिऱ्हाईकाचे नाव, पत्ता, फोन तरी त्यात सापडेल, नाही तर आपल्याकडच्या माणसाचा पासपोर्ट परदेशी धाडलेला सापडेल. माल सीमेपार गेला की बिल, जकात, बँक हे सारे आमच्या व्यापाऱ्यांना पाठ आहे. माणसाची माहिती सीमेपार जाते तेव्हाही एक कायदा आडवा येतो, हे मात्र बहुतेकांना नोटीस हातात पडल्यावरच समजते.

या गोष्टीची सुरुवात १९९५ सालची. त्या वर्षी ऑक्टोबरात युरोपीय संघाने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा निदेश काढला आणि १९९८ पासून तो लागू केला. युरोपातील माणसाची माहिती बाहेरच्या देशात न्यायची असेल तर त्या देशात तिचे पुरेसे संरक्षण झाले पाहिजे, असे त्यात ठरले. ज्या देशांना 'पुरेसे' हा शिक्का मिळाला त्यांच्याशी व्यवहार सोपा झाला. बाकीच्यांसाठी युरोपीय आयोगाने २००१ मध्ये छापील कलमे तयार केली. दोन्ही पक्षांनी सह्या करायच्या आणि मग माहिती पाठवायची.

व्यापारी जगताने या कलमांविरुद्ध त्या वेळी मोठी ओरड केली होती. तक्रारीचा मुख्य मुद्दा जबाबदारीचा होता. माहिती पाठविणारा आणि घेणारा या दोघांवर संयुक्त जबाबदारी टाकलेली होती, म्हणजे एकाच्या चुकीची भरपाई दुसऱ्याकडूनही वसूल होऊ शकत होती. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने, म्हणजे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने, इतर उद्योगसंघटनांना बरोबर घेऊन स्वतःचा मसुदा लिहिला. ज्याची चूक त्याने भरावे, पाठविणाऱ्याने मात्र आधी घेणाऱ्याची नीट चौकशी करावी, असा त्याचा गाभा. डिसेंबर २००४ मध्ये आयोगाने तो मसुदा पर्यायी कलमे म्हणून स्वीकारला. हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. व्यापाऱ्यांनी नुसती तक्रार न करता लेखी पर्याय पुढे ठेवला आणि कायदा करणाऱ्यांनी तो मानला, असे फार वेळा घडत नाही. आपल्याकडे शिष्टमंडळे मंत्र्यांना हार घालून, फोटो काढून परत येतात. मसुदा कोणाच्याच पिशवीत नसतो.

अमेरिकेचा रस्ता वेगळा होता. २००० साली युरोप आणि अमेरिकेत 'सेफ हार्बर' नावाची तडजोड झाली. कंपनीने आम्ही नियम पाळतो असे जाहीर करायचे आणि माहिती न्यायची. पुढे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तहेर खात्याची पाळत उघड केली. त्याच वर्षी मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियातील कायद्याच्या विद्यार्थ्याने फेसबुकविरुद्ध आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रार केली. ते प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सेफ हार्बर रद्द झाला. २०१६ मध्ये 'प्रायव्हसी शील्ड' आणली, तीही १६ जुलै २०२० रोजी त्याच न्यायालयाने मोडीत काढली. तिसरी तडजोड जुलै २०२३ मध्ये झाली. तिला दिलेले आव्हान सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपच्या कनिष्ठ न्यायालयाने फेटाळले.

भिवंडीच्या तरुणापुढचे बाड २०२० च्या त्या निकालातून आले आहे. छापील कलमे चालतील, पण नुसती सही पुरे नाही. माहिती जिथे जाते त्या देशातील सरकारला ती कितपत हाताळता येते, हे पाठविणाऱ्याने स्वतः तपासावे, असे न्यायालयाने म्हटले. जून २०२१ मध्ये निघालेल्या नव्या कलमांत ही तपासणी लिहूनच टाकली. भांडण होते अमेरिकी पाळतीवरून, आणि प्रश्नावली भरायला बसला आहे आमचा चार संगणकांचा कारखानदार.

बड्या उद्योगांचे म्हणणे असे की हे नियम व्यापाराला मारक आहेत. दर पाच-सात वर्षांनी न्यायालय जुनी व्यवस्था उखडते, मग हजारो करार नव्याने करावे लागतात. एका देशाचा कायदा तपासणे हे सरकारचे काम, ते दुकानदारावर का? या तक्रारीत तथ्य आहे. परंतु ती करणारे कोण हेही पाहिले पाहिजे. मेटा कंपनीला मे २०२३ मध्ये १२० कोटी युरोंचा दंड झाला तो युरोपीयांची माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल. उबरला ऑगस्ट २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या नियामकाने २९ कोटी युरोंचा दंड केला तो चालकांची माहिती अमेरिकेत पुरेशा संरक्षणाशिवाय नेल्याबद्दल. टिकटॉकला मे २०२५ मध्ये ५३ कोटींचा झाला, तिथे प्रश्न चीनचा होता. या कंपन्या वकिलांची फौज ठेवतात, अपिले करतात आणि धंदाही चालू ठेवतात. नियम कठीण झाला की त्यांचा खर्च वाढतो. आमच्या माणसाचे कामच जाते, कारण जर्मन दुकानदार म्हणतो, एवढी कटकट कशाला, हे काम युरोपातच करून घेऊ.

आता आपल्या देशाकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. व्यक्तिगत माहितीची एक प्रत भारतातच ठेवली पाहिजे, अशी अट त्यात होती. त्यावरून व्यापारी जगतात सरळ दोन तट पडले. अमेरिकी कंपन्यांच्या संघटनांनी विरोध केला. आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या नॅसकॉमनेही विरोध केला, कारण परदेशांनीही हाच हट्ट धरला तर आपल्या निर्यातीचे काय होणार? उलट जानेवारी २०१९ मध्ये मुकेश अंबानी यांनी भारतीयांची माहिती परदेशी कंपन्यांच्या ताब्यात राहता कामा नये अशी जाहीर मागणी केली. दोघांचेही म्हणणे देशहिताच्या भाषेत होते. ज्याचे गोदाम जिथे, तिथे माल राहावा असे प्रत्येकाला वाटते, एवढाच आम्ही त्याचा अर्थ घेतला. रिझर्व्ह बँकेने मात्र कोणाची वाट न पाहता एप्रिल २०१८ मध्येच पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच ठेवण्याचा हुकूम काढला आणि तो न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास बंदी केली. ती जून २०२२ मध्ये उठली.

या साऱ्या वादात छोट्या व्यापाऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले. त्याला विचारले मात्र कोणीच नाही.

शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला त्याने प्रत ठेवण्याची अट सोडून दिली. सोळाव्या कलमाने असे ठरविले की केंद्र सरकार ज्या देशाचे नाव जाहीर करून मनाई करील तो सोडून इतरत्र माहिती नेता येईल. युरोपात जोवर परवानगी नाही तोवर बंदी, आपल्याकडे जोवर बंदी नाही तोवर परवानगी. उद्योगांना हे आवडले आणि आम्हालाही ते बरे वाटले. याच कायद्याच्या सतराव्या कलमात दुसरी एक सवलत आहे : परदेशातील माणसांची माहिती परदेशी पक्षाशी केलेल्या करारानुसार इथे हाताळली जात असेल, तर बहुतेक अटी लागू होत नाहीत. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र राहते. म्हणजे भिवंडीच्या त्या तरुणाला भारतीय कायद्याची फारशी झळ नाही. त्याला अडचण आहे ती युरोपच्या कायद्याची.

आणि ती अडचण दूर करणे केंद्र सरकारच्याच हाती आहे. युरोपशी व्यापार करार करण्याची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून भारत माहितीच्या बाबतीत सुरक्षित देश म्हणून मान्यता मागत होता. ती मिळाली नाही आणि २०१३ मध्ये बोलणीही थांबली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. दरम्यान जपानला २०१९ च्या जानेवारीत आणि दक्षिण कोरियाला २०२१ च्या डिसेंबरात शिक्का मिळाला. आपल्या २०२३ च्या कायद्यात तर सरकारने स्वतःसाठीच मोठी पळवाट ठेवली आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे देऊन कोणत्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचनेने या कायद्यातून वगळता येते. ज्या कारणासाठी युरोपीय न्यायालयाने अमेरिकेशी झालेल्या दोन तडजोडी मोडल्या, नेमके तेच कारण आपण कायद्यात लिहून ठेवले आहे. दिल्लीतील या एका पोटकलमामुळे जर्मन वकील भिवंडीच्या तरुणाला विचारतो की तुमचे सरकार काय काय मागू शकते.

आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात, यावर एकच उपाय. छोट्या धंद्यांना कायद्यातून साफ सूट द्या. मागणी ऐकायला गोड आहे आणि केंद्राला तशी सूट काही वर्गांना देण्याचा अधिकारही कायद्यात आहे. आम्ही या मागणीच्या विरुद्ध आहोत. ऑस्ट्रेलियाने तीस लाख डॉलरपर्यंतच्या उलाढालीच्या बहुतेक धंद्यांना आपल्या कायद्यातून सूट दिली. २००१ मध्ये युरोपच्या नियामकांनी त्याच सुटीवर बोट ठेवले आणि ऑस्ट्रेलियाला 'पुरेसे' हा शिक्का मिळाला नाही. जपानमध्येही पाच हजारांपेक्षा जास्त माणसांची माहिती न बाळगणाऱ्या धंद्यांना कायदा लागू नव्हता. ती सूट २०१७ मध्ये काढून टाकल्यानंतर जपानला मान्यता मिळाली. सूट मिळाली की इन्स्पेक्टर येणार नाही हे खरे. पण परदेशी गिऱ्हाईकही येणार नाही, कारण तो विचारणार की तुम्हाला कायदा लागू आहे का, आणि आपण अभिमानाने सांगणार, नाही!

आम्हाला हवे आहे ते सोपे कागद. ग्राहकाला द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असे हा कायदाच सांगतो. त्या यादीत मराठी आहे, उर्दूही आहे. मग सरकारने एक-दोन पानांचे तयार नमुने मराठीत, उर्दूत छापून का देऊ नयेत? वस्तू आणि सेवा कराच्या वेळी व्यापाऱ्याने सी.ए.ला पैसे दिले, आता माहितीच्या कायद्यासाठी वकिलाला द्यावे, हे किती दिवस चालणार? कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे मे २०२७ पर्यंतचा वेळ आहे. व्यापारी संघांनी या मुदतीत मसुदा करून पाठवावा. पॅरिसवाल्यांनी जे केले ते भिवंडी-मालेगावच्या संघांना जमणार नाही असे थोडेच आहे?

परंतु ही सारी बाजू माहिती इकडे येण्याची झाली. इथून बाहेर जाणाऱ्या माहितीत आमचीच माणसे गुंतली आहेत आणि तिथे आम्हाला आपल्या व्यापारी बांधवांना दोन कडू शब्द सांगावे लागतील.

उमराहच्या टूरचे उदाहरण घ्या. यात्रेकरू पासपोर्टचे पान, छायाचित्र, फोन नंबर, सोबतच्या नातेवाइकांची नावे गावातील एजंटाला व्हॉट्सॲपवर पाठवितो. तो मुंबईच्या मोठ्या एजंटाला पाठवितो, तिथून ती सौदी कंपनीकडे, हॉटेलकडे, बसवाल्याकडे जाते. यात्रा संपते, हाजी घरी येऊन खजूर वाटतो, आणि त्याचा पासपोर्ट पाच फोनमध्ये तसाच राहतो. आमच्या घरातील एका बाईंनी व्हिसासाठी दिलेले छायाचित्र पुढच्या वर्षी एका टूरच्या जाहिरात पत्रकावर छापून आले. त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारणा केली तेव्हा टूरवाले म्हणाले, यात काय बिघडले, चेहरा तर समाधानी दिसतो! बाईंनी त्यानंतर कोणत्याही टूरला फोन नंबर दिला नाही, मुलाचा देतात.

नव्या कायद्याप्रमाणे यात पुष्कळ बिघडते. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, काम संपले की पुसून टाकायची, आणि पुढे ज्याला दिली त्याच्याकडून तुमच्या वतीने काम करताना चूक झाली तरी मूळ घेणारा जबाबदार. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या एजंटाला कोणी तेवढा करणार नाही, दंड ठरविताना चुकीचे स्वरूप आणि दंडाचा त्या माणसावर होणारा परिणाम पाहायचा आहे. पण मर्यादा वाचून झोप उडावी इतकी आहे खरी. गंमत अशी की हा कायदा फक्त संगणकातल्या माहितीला लागू आहे. टेबलावर झेरॉक्सचा ढीग पडला असेल तर त्याला कायदा विचारत नाही. त्याच ढिगाचा फोनवर फोटो काढला की विचारतो.

उमराह आणि आखाती नोकरी या दोन्ही धंद्यांसाठी नोव्हेंबरच्या नियमांत आणखी एक वाक्य आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. परदेशी सरकारला किंवा त्याच्या ताब्यातील संस्थेला माहिती द्यायची असेल तर केंद्र सरकार त्यासाठी अटी घालू शकेल, असे ते वाक्य सांगते. बड्या कंपन्यांना त्यातून अमेरिकी सरकारच्या मागण्या आठवतात. आम्हाला व्हिसा आठवतो. व्हिसाचा अर्ज म्हणजे परदेशी सरकारला माहिती देणेच नव्हे काय? उद्या एखादा आदेश घाईत निघाला आणि त्यात यात्रेकरू व कामगार यांचा विचार नसला, तर हंगामाच्या तोंडावर अर्ज अडकतील. टूर ऑपरेटरांच्या संघटनांनी आताच केंद्राला लिहून ठेवावे की स्वतः माणसाने मागितलेल्या व्हिसासाठी अशा आदेशात सोय असावी. सौदी अरेबियात हेच घडले होते. तिथला २०२१ चा मूळ कायदा माहिती देशाबाहेर नेण्यावर फार कडक होता. अंमल पुढे ढकलला गेला, मार्च २०२३ मध्ये कायदा नरम केला आणि सप्टेंबर २०२४ पासून तो पूर्णपणे लागू झाला.

कारागिरांना एक दिलाशाची गोष्ट. पॅरिसच्या एखाद्या बाईने थेट तुम्हाला लिहून हिमरूची शाल मागविली आणि पत्ता दिला, तर युरोपच्या नियामकांच्या मते ते 'माहितीचे हस्तांतरण' होत नाही. तिने स्वतःच दिली. सोळा पानी कलमांची तिथे गरज नाही. मात्र तुम्ही युरोमध्ये किंमत लावून, तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी म्हणून जाहिरात करून नियमित विक्री करू लागलात, तर युरोपचा २०१८ चा कायदा तुम्हाला इथे बसूनही लागू होऊ शकतो. पत्त्यांची वही दुसऱ्या व्यापाऱ्याला विकू नका, एवढे पाळले तरी निम्मे काम होते. काही जण ती विकतात हे आम्हाला ठाऊक आहे.

भिवंडीच्या तरुणाचे बाड आम्ही एका जाणत्या वकिलाबरोबर बसून वाचले. छापील कलमांत कोणालाही फेरफार करता येत नाही, आणि त्यांच्याशी विसंगत काही जोडताही येत नाही. ही गोष्ट छोट्याच्या फायद्याची आहे, बड्या पक्षाचा वकील तिथे हात मारू शकत नाही. धोका त्या कलमांत नव्हता, सोबत जोडलेल्या दुकानदाराच्या स्वतःच्या करारात होता. युरोपात कोणताही दंड झाला, चूक कोणाचीही असो, तो भारतीय पक्ष भरेल, असे चौदाव्या पानावर एका ओळीत लिहिले होते. तरुणाने ती ओळ खोडून 'स्वतःच्या चुकीपुरता, आणि एका वर्षाच्या मजुरीहून जास्त नाही' असे सुचविले. सरकारी कायद्यांच्या प्रश्नाला त्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे एकोणसत्तरावे कलम लिहून दिले, आजवर मागणी एकही आलेली नाही असे लिहिले, आणि आली तर, कायद्याने मनाई नसेल तोवर, त्याच दिवशी कळवीन असे लिहिले. दुकानदाराने मजुरीची मर्यादा दोन वर्षांची मागितली आहे. बोलणी चालू आहेत.